तीन नळ्यांत ब्लॉक, शुगर आणि ईएफ ४५: स्टेंट, बायपास की नुसती औषधं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, राहणार नागपूर. चौदा वर्षांपासून शुगर, बीपीची गोळी चालू, खर्र्याची (सुपारी-चुना-तंबाखूच्या मिश्रणाची) जुनी सवय. सक्करदरा तलावाला एक फेरी मारली की छातीत दाटून येतं, थांबले की चार-पाच मिनिटांत उतरतं. अँजिओग्राफीत एलएडी या पुढच्या मुख्य नळीच्या सुरुवातीलाच ९० टक्के, उजव्या नळीत ८० आणि सर्कम्फ्लेक्स या डावीकडच्या नळीत ७० टक्के ब्लॉक निघाले. ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ४५; मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.३. एका डॉक्टरांनी तीन स्टेंट (नळी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) सांगितले, दुसऱ्यांनी बायपास. नातेवाईक म्हणतात, पायाला पट्टे बांधून करतात ते मशीन घ्या, नाहीतर लसूण-आलं-लिंबाचा काढा सुरू करा. कोणाचं ऐकावं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. दिलेल्या माहितीवरून कल स्पष्टपणे बायपासकडे आहे. शुगर, तीन नळ्या आणि त्यात एलएडीचं तोंड, या तीन गोष्टी एकत्र आल्या की स्टेंटची बाजू लंगडी पडते. काढा आणि मशीन हा या प्रकरणात पर्यायच नाही. आणि औषधं? ती दोन्ही बाबतींत आयुष्यभर लागणारच आहेत. म्हणून "औषधं की ऑपरेशन" हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. खरा प्रश्न आहे, औषधांच्या जोडीला काय.

सगळ्यात आधी वेळेचा हिशेब. बाबांचं दुखणं चालल्यावर येतं, थांबल्यावर जातं, आणि त्याचं प्रमाण गेल्या काही आठवड्यांत वाढलेलं नाही. याला स्थिर अंजायना म्हणतात. यात निर्णयाला काही दिवस घेतले तर चालतं. अँजिओग्राफीच्या टेबलावर पेशंट झोपलेला असताना बाहेर मुलाला बोलावून "आत्ताच टाकू का, नाहीतर रस्त्यात अटॅक येईल" असं विचारलं जातं, तेव्हा शांतपणे म्हणावं: सीडी द्या, आम्ही विचार करून सांगतो. तो तुमचा हक्क आहे. चालू अटॅकमध्ये मात्र याच्या अगदी उलट. तिथे विचार करत बसायचं नाही. दवाखान्याच्या दारापासून ९० मिनिटांच्या आत नळी उघडली गेली पाहिजे. गडचिरोली-गोंदियाकडून निघालेला पेशंट दोन तासांत कॅथलॅबला, म्हणजे नळी उघडायची सोय असलेल्या दवाखान्यात, पोचणार नसेल, तर जवळच्याच दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मग नागपूर गाठावं. इंजेक्शनशिवाय नुसतं गाडीत टाकून निघणं, यात हृदयाचा बराच स्नायू वाटेतच मरतो.

आता टक्केवारी. रिपोर्टवरचे ९०, ८०, ७० हे आकडे बहुतेक वेळा डोळ्यांनी पाहून सांगितलेले असतात. एकच सीडी दोन जाणकारांनी पाहिली तर एकाला ६० दिसतो, दुसऱ्याला ७५. शिवाय ही टक्केवारी नळीच्या व्यासाची असते. व्यास निम्मा झाला की आतली जागा पाऊण कमी होते, त्यामुळे क्षेत्रफळाचा आकडा सांगितला तर तोच ब्लॉक जास्त भयंकर वाटतो. म्हणून ४० ते ७०-७५ च्या पट्ट्यातल्या ब्लॉकला नुसत्या आकड्यावर स्टेंट टाकणं बरोबर नाही. त्यासाठी एफएफआर नावाची मोजणी आहे. ब्लॉकच्या पलीकडे दाब मोजणारी बारीक तार नेतात, औषध देऊन रक्तप्रवाह पूर्ण वाढवतात आणि पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे ते बघतात. ०.८० किंवा त्याखाली आलं तर ब्लॉक खरोखर रक्त अडवतोय, त्याच्यावर असेल तर सहसा औषधांवर ठेवता येतो. तुमच्या बाबांचा सर्कम्फ्लेक्समधला ७० टक्के याच कुंपणावरचा आहे. तो मोजणीत किरकोळ निघाला तर तीन नळ्यांचा आजार दोन नळ्यांचा होतो आणि चर्चा थोडी मोकळी होते. हे दोन्ही डॉक्टरांना जरूर विचारा.

बहुतेक घरांत एक समज पक्का असतो: ब्लॉक काढला की अटॅकची भीती गेली. तसं नाही. अटॅक पुष्कळदा अशा जागी येतो जिथे नळी जेमतेम निम्मी अरुंद झालेली असते. तिथला चरबीचा थर मऊ असतो, त्याचं पातळ आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत नळी बंद होते. ९० टक्क्यांचा जुना, कठीण ब्लॉक चालताना दुखवतो. फाटणारा कदाचित दुसराच असतो. स्टेंट जिथे बसवला तेवढीच जागा सांभाळतो. बाकीच्या सगळ्या नळीची काळजी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन, अॅस्पिरिन, बीपी-शुगरचा ताबा आणि तंबाखू बंद या गोष्टीच घेतात. म्हणूनच २००७ मधल्या करेज आणि २०२० मधल्या इस्केमिया या मोठ्या अभ्यासांत, स्थिर अंजायनाच्या पेशंटना चांगल्या औषधांवर ठेवलं काय किंवा सोबत अँजिओप्लास्टी (फुग्याने नळी उघडून स्टेंट टाकणं) किंवा बायपास केली काय, मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. इस्केमियात ५१७९ पेशंट होते. ज्यांना रोज दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र प्रक्रियेनंतर जास्त कमी झालं. म्हणजे स्थिर आजारात स्टेंट मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी असतो, आयुष्य वाढवण्यासाठी नव्हे.

मग बाबांना औषधांवरच का ठेवू नये? कारण काही गटांत बायपासने आयुष्य वाढतं: डाव्या मुख्य नळीचा ब्लॉक, ईएफ ३५ च्या खाली गेलेलं हृदय, आणि शुगरसोबत अनेक नळ्यांचा आजार. डाव्या मुख्य नळीचे आणि ३५ च्या खालच्या ईएफचे पेशंट तर इस्केमियात घेतलेच नव्हते. बाबा तिसऱ्या गटात बसतात. २०१२ चा फ्रीडम अभ्यास नेमका यांच्यासारख्यांवर होता: शुगर असलेले आणि एकाहून जास्त नळ्यांत ब्लॉक असलेले १९०० पेशंट. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी स्टेंट घेतलेल्या २६.६ टक्के लोकांना झालं आणि बायपास केलेल्या १८.७ टक्के लोकांना. नुसते मृत्यू पाहिले तर १६.३ विरुद्ध १०.९. एक गोष्ट बायपासच्या विरोधात गेली आणि ती लपवू नये. पक्षाघात बायपासमध्ये ५.२ टक्के, स्टेंटमध्ये २.४. तेव्हाचे स्टेंट आजच्यापेक्षा जुन्या पिढीचे होते हेही खरं. तरी २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतही शुगर, अनेक नळ्या आणि त्यात एलएडी असेल तर बायपासच पहिला सांगितला आहे.

असं का होतं, हे समजलं की निर्णय सोपा होतो. शुगरच्या पेशंटची नळी एकाच जागी खराब नसते. वरचा अर्धा-पाऊण भाग ठिकठिकाणी खडबडीत झालेला असतो. स्टेंट ३८ मिलिमीटरचा टाकला तर तेवढ्या ३८ मिलिमीटरची सोय झाली. त्याच्या वर किंवा खाली दोन वर्षांनी नवा ब्लॉक तयार झाला तर पुन्हा कॅथलॅब. बायपासची नळी मात्र त्या सगळ्या खराब भागाच्या पलीकडे, खालच्या चांगल्या भागात जोडलेली असते. वरच्या भागात पुढे नवीन काही झालं तरी खाली रक्त पोचत राहतं. दुसरं कारण म्हणजे छातीच्या आतली डावी धमनी, जिला सर्जन लिमा म्हणतात. तिच्यात चरबीचा थर फारसा बसत नाही. एलएडीला जोडलेली लिमा दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ पेशंटमध्ये उघडी असते. पायातून काढलेल्या शिरेचं तसं नाही. दहा वर्षांत साधारण निम्म्या शिरा बंद होतात किंवा खराब होतात. म्हणून सर्जनला एक प्रश्न विचाराच: एलएडीला लिमा लावणार ना? आणि बाकीच्या दोन नळ्यांना पायाची शीर की हाताची धमनी? अँजिओग्राफी ज्या मनगटातून झाली त्या हाताची धमनी ग्राफ्टसाठी, म्हणजे बायपासच्या जोडनळीसाठी, सहसा टाळतात, हेही त्यांच्या कानावर घाला.

बायपासचा धोका सुरुवातीला एकवटलेला असतो आणि फायदा नंतरच्या वर्षांत दिसतो. ६२ व्या वर्षी, मूत्रपिंड-फुप्फुस बऱ्यापैकी असताना, हा व्यवहार फायद्याचा आहे. हाच रिपोर्ट ८२ वर्षांच्या, खाटेला खिळलेल्या, आधी पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाचा असता तर उत्तर उलटं आलं असतं.

ऑपरेशनच्या आधीची तयारी नीट झाली नाही तर चांगलं ऑपरेशनही बिघडतं, म्हणून इथे थोडं थांबतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी अॅस्पिरिन सहसा चालू ठेवतात; क्लोपिडोग्रेल ५ दिवस, टिकाग्रेलॉर किमान ३ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात. हे सर्जनने तारीख घालून कागदावर लिहून द्यायला हवं, तुम्ही स्वतःहून काही बंद करायचं नाही. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती ३ दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर शुगर साधारण दिसत असतानाच रक्तात आम्ल साठतं आणि आयसीयूत कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीए१सी आठच्या वर असेल आणि दुखणं स्थिर असेल, तर एक-दोन आठवडे इन्सुलिनवर शुगर आणून मग ऑपरेशन केलेलं बरं. छातीच्या हाडाची जखम चिघळते ती बहुधा शुगरवाल्यांचीच.

खर्रा. यावर आपल्याकडे कोणी पुरेसं बोलत नाही. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा ताठर होते आणि तोंड उघडेनासं होतं. बाबांना सांगा, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. मावत नसतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी, भरतीच्या दिवशीच सांगा. बेशुद्ध केल्यावर श्वासाची नळी घालताना तोंड उघडत नाही हे कळणं जिवावर बेतू शकतं. आधी माहीत असेल तर नाकातून दुर्बिणीने नळी घालायची सोय करता येते. आणि खर्रा ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे, किमान चार आठवडे आधी सुटायला हवा. आठवडा-दोन आठवड्यांत ऑपरेशन ठरत असेल तर आजच. "सुपारी आणि चुना तेवढाच, तंबाखू नावाला" हे ऐकून सोडून देऊ नका. खर्र्यातला तंबाखू गालातून थेट रक्तात जातो आणि बीडीसारखाच नळ्या आवळतो.

विदर्भापुरती आणखी एक तपासणी आहे: सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात हा आजार पुष्कळ आहे आणि ज्यांना फक्त वाहक दोष आहे त्यांना सहसा उभ्या आयुष्यात त्रास होत नाही, त्यामुळे माहीतच नसतं. ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर शरीर थंड केलं, प्राणवायू किंवा आम्लता बिघडली, की अशा पेशी वाकड्या होऊन अडकू शकतात. घरात कोणाला सिकलसेल असेल तर बाबांची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घ्या. भूलतज्ज्ञ आणि सर्जन त्याप्रमाणे तापमान सांभाळतात, किंवा मशीन न लावता धडधडत्या हृदयावरच ऑपरेशन करतात. आपल्या देशात तसंही बरेच बायपास मशीनशिवायच होतात, आणि अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखेच येतात. म्हणून "बीटिंग हार्ट करता का" यापेक्षा "तुम्ही रोज कोणत्या पद्धतीने करता" हे विचारणं जास्त उपयोगाचं.

ऑपरेशनला साधारण चार तास, आयसीयूत दोन-तीन दिवस, आठवडाभरात सुटी. पुढे छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण मजबुती यायला तीन महिने. तोवर पाच किलोच्या वर उचलायचं नाही, दोन्ही हातांवर भार देऊन खाटेवरून उठायचं नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, स्कूटर चालवायची नाही आणि मागेही बसायचं नाही. आपले रस्ते आणि स्पीडब्रेकर पाहता शेवटचं मनावर घ्या. छाती बोट ठेवल्यावर कटकट वाजत असेल, जखमेतून पाणी येत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाडी अनियमित होणं हे बऱ्याच जणांत होतं आणि सहसा औषधाने आवरतं. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तर घरी आल्यावर लघवीची आणि बीपीची गोळी जुन्याच डोसमध्ये चालू राहते, बाहेर ४५ अंश, घाम वाहतोय, आणि बाबा न्हाणीत चक्कर येऊन पडतात. मे महिन्यात, त्यातून नवतप्याच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रोज बीपी आणि वजन लिहून ठेवा. वरचं बीपी १०० च्या खाली जाऊ लागलं की फोन करून डोस बदलून घ्या.

स्टेंट हा वाईट उपचार आहे असा याचा अर्थ नाही. एका-दोन नळ्यांत छोटा ब्लॉक, शुगर नाही, औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही दुखतंय, तर अँजिओप्लास्टीसारखी सोय नाही. मनगटातून होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी. सिंटॅक्स स्कोअर ही ब्लॉकची अवघडता मोजायची पद्धत आहे: २२ पर्यंत सोपं, २३ ते ३२ मधलं, ३३ पासून पुढे अवघड. तुमच्या रिपोर्टवर तो नसेल तर काढून मागा. बाबांच्या बाबतीतही एका परिस्थितीत स्टेंटच करावा लागेल: खालच्या नळ्या इतक्या बारीक आणि खराब असतील की ग्राफ्ट जोडायला जागाच नाही. हे सर्जन सीडी बघूनच सांगू शकतो. म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन या दोघांनी मिळून एकच सीडी बघणं, हे तिसऱ्या-चौथ्या डॉक्टरांचं मत घेण्यापेक्षा किती तरी मोलाचं.

स्टेंट टाकायची वेळ आलीच तर तीन गोष्टींवर अडून बसा. एक, नळीच्या आतून सोनोग्राफी किंवा ओसीटी (प्रकाशाने आतून बघायची तपासणी) करूनच स्टेंटचं माप ठरवावं. अर्धवट फुललेला स्टेंट पुढे बंद पडतो. दोन, क्रिएटिनिन १.३ असताना तिन्ही नळ्या एका बैठकीत करू नयेत, कारण नळ्या दिसाव्यात म्हणून देतात ते रंगाचं औषध जास्त गेलं की मूत्रपिंड बसतं. दोन टप्पे करावेत, आधी सलाईन द्यावं, शुगरची मेटफॉर्मिन कधी थांबवायची-सुरू करायची ते विचारावं आणि ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावं. तीन, दोन गोळ्यांचा नियम. अॅस्पिरिन ७५ आणि सोबत क्लोपिडोग्रेल ७५. स्थिर आजारात सहसा सहा महिने, अटॅकनंतर वर्षभर. दात काढायचा आहे म्हणून दंतवैद्याने किंवा घरातल्या कोणी या गोळ्या बंद केल्या की स्टेंट अचानक गुठळीने भरतो, आणि तो अटॅक फार वाईट असतो. दात गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो.

औषधांचे डोसही बघून घ्या, कारण निम्म्या चिठ्ठ्यांत ते तोकडे असतात. अॅटोर्वास्टॅटिन १० नव्हे, ४० ते ८०, किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४०. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली हवा. सहा आठवड्यांत तिथे आला नाही तर इझेटिमाइब १० जोडतात. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने विश्रांतीची नाडी साठच्या आसपास आणतात. सावजी रश्शावरची तर्री आणि वडाभातावरचं फोडणीचं तेल महिन्यातून एखाद्या वेळी आलं तर आकाश कोसळत नाही. रोजच्या दोन वेळच्या जेवणातलं तेल-मीठ आणि न सुटणारा खर्रा यांनी जास्त नुकसान होतं.

पायाला पट्टे बांधायचं मशीन म्हणजे ईईसीपी. रोज एक तास अशी ३५ सत्रं असतात. ज्यांना बायपासही जमत नाही, स्टेंटही जमत नाही आणि औषधांनी दुखणं थांबत नाही, त्यांचा त्रास त्याने कमी होऊ शकतो. त्याने ब्लॉक विरघळत नाही. "ऑपरेशनविना बायपास" ही जाहिरात वाचून एलएडीच्या तोंडाशी ९० टक्के ब्लॉक असलेल्या माणसाचे दोन महिने तिथे घालवू नयेत. काढ्याने नळी उघडल्याचं सिद्ध झालेलं नाही. घ्यायचाच असेल तर गोळ्या एकही न चुकवता घ्या, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत लसणाचा मोठा डोस चालतो का ते विचारून.

खर्चाचं. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, त्यामुळे बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि माप वेगळं लिहून मागा. पेशंटला दिलेलं स्टेंटचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बायपास आणि अँजिओप्लास्टी दोन्ही बसतात आणि तिचं संरक्षण आता वर्षाला ५ लाखांपर्यंत नेलं आहे. रेशनकार्ड, आधार, अँजिओग्राफीचा अहवाल आणि सीडी घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, जा. मंजुरी येईपर्यंत स्वतःहून पैसे भरू नका. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजला जोडलेलं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, तसंच धंतोली-रामदासपेठेतले काही खाजगी दवाखाने, सगळीकडे आधी एवढंच विचारा की हृदयाचं ऑपरेशन या योजनेत इथे होतं का आणि तारीख कधीची मिळेल.

तारीख मिळेपर्यंत बाबांच्या खिशात छातीचं दुखणं थांबवणाऱ्या सॉर्बिट्रेट ५ ची पट्टी असू द्या. दुखलं की उभं राहून नव्हे, बसून एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरी, आणि त्याच क्षणी १०८ ला फोन. लैंगिक ताकदीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही, बीपी धोकादायक खाली येतं. हे बाबा तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून डॉक्टरांना एकांतात विचारायला सांगा. आणि दुखणं बसल्या जागी येऊ लागलं, रात्री झोपेतून उठवू लागलं, किंवा पूर्वी तलावाच्या फेरीला यायचं ते आता घरातल्या जिन्यावर येऊ लागलं, तर आजार स्थिर राहिलेला नाही. मग तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी भरती करायचं.